नाशिकच्या प्रकरणांतील ब्राउनिंग पिस्तूल : एका चुकीची दुरुस्ती

या त्रैमासिकांत पूर्वीं छापलेल्या माझ्या एका लहानशा टिपणांत एक चूक राहून गेली आहे. ती दुरुस्त करावी, एवढाच या लेखाचा मूळ हेतु होता; परंतु चुकीचें मूळ शोधूं जातां विषय वाढत गेला, आणि दोन ओळींच्या शुद्धिपत्राऐवजीं हा लेख वाचकांपुढें ठेवावा लागत आहे.

टिपण नाशिकच्या प्रकरणासंबंधीं होतें. ता. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिक येथील विजयानंद नाटकगृहांत 'शारदा' नाटकाच्या प्रसंगीं अनंत लक्ष्मण कान्हेरे या विद्यार्थ्यानें जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, हें सर्वश्रुत आहे. त्या घटनेचा उल्लेख करतांना 'कान्हेरे यांनीं रिव्हॉल्व्हरचा घोडा ओढला' असें मी लिहून गेलों. लिहितांना मनांत शंकाही आली नाहीं. लहानपणापासून जें ऐकलें, जें वाचलें, तेंच लेखणींतून उतरलें.

आमचें सारोळें गांव पुणें-सातारा रस्त्यावर नीरेच्या कांठीं आहे. पलीकडच्या तीरावर शिरवळ. या बाजूच्या मावळी खेड्यांतून पलटणींत नोकरी केलेलीं माणसें पुष्कळ. त्यांपैकीं एक वृद्ध सुभेदार संध्याकाळीं माझ्या ओट्यावर येऊन बसतात व त्रैमासिकाचा अंक आला कीं तो अथपासून इतिपर्यंत वाचतात. माझें टिपण वाचून त्यांनीं चष्मा काढला आणि म्हणाले, "मास्तर, एका काना-मात्रेसाठीं तुम्ही दोन-दोन पानें लिहितां. मग हत्यारानें तुमचें काय घोडें मारलें आहे? ब्राउनिंगला चक्र नसतें, आणि ओढायला बाहेर घोडाही नसतो. आणि चक्राचीं वीस हत्यारें एका पेटीच्या बुडांत दडवून दाखवा बघूं!"

पहिला आक्षेप वस्तूच्या ज्ञानाचा होता व तो मीं निमूटपणें मान्य केला. दुसरा मात्र प्रमाणशास्त्राचा होता. ज्या विद्यार्थ्यांस मीं तीस वर्षें अनुमानखंड समजावून दिला, त्यांच्यासमोर हसें होण्यासारखी ती गोष्ट होती. कारण पेटीचा उल्लेख मीं स्वतःच त्याच टिपणांत, चार ओळी वर केला होता.

प्रथम शब्दांचा विचार करूं. 'पिस्तूल' आणि 'काडतूस' हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या द्वारें आलेले. त्यांच्या जोडीस फारसी वळणाचा 'तमंचा' जुन्या कागदांतून भेटतो. एका हातानें झाडावयाची आंखूड नळीची बंदूक एवढाच या शब्दांचा अर्थ होता. आंत यंत्र कोणतें, हें त्यांत येत नसे. पुढें अमेरिकेंत कोल्ट यानें १८३६ सालीं फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचें पेटंट घेतलें. त्याचा प्रसार झाल्यावर 'रिव्हॉल्व्हर' हा शब्द रूढ झाला. या हत्यारांत पांच-सहा छिद्रांचें एक चक्र नळीच्या मागें असतें, प्रत्येक छिद्रांत एक काडतूस असतें, आणि चक्र फिरविण्याचें काम झाडणाऱ्याच्या बोटाचें किंवा अंगठ्याचें बळ करतें. गेल्या शतकाच्या आरंभीं तिसरा प्रकार आपल्याकडे आला, तेव्हां मराठी लेखकांस त्याच्यासाठीं निराळा शब्द सांपडला नाहीं. कोणी त्यास पिस्तूल म्हटलें, कोणी रिव्हॉल्व्हर, आणि एकाच लेखांत दोन्ही शब्द पर्यायाप्रमाणें आलेले मीं पाहिले आहेत. चरित्रें, आठवणी, वर्तमानपत्रांतील मजकूर, सगळीकडे हीच गत. इंग्रजी कागदांत त्यास 'ऑटोमॅटिक' म्हटलेलें असतें. पण तोही शब्द ढिला आहे. खरें स्वयंचलित हत्यार म्हणजे चाप दाबून ठेवला असतां गोळ्यांची अखंड धार सोडणारें. आपल्या प्रकारांत प्रत्येक गोळीस चाप नव्यानें ओढावा लागतो. केवळ रिकामें काडतूस फेंकणें, नवें भरणें व यंत्र पुन्हा सज्ज करणें हीं कामें हत्यार आपल्या आपण करतें. म्हणून यास 'अर्धस्वयंचलित' म्हणतात. 'स्वयंभर' असा शब्द मला अधिक आवडतो. परंतु नवा शब्द पाडून जुना गोंधळ वाढविण्याची हौस मला नाहीं.

हें यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच कां निपजलें, याचें कारण दारूंत आहे. जुनी काळी दारू जळतांना नळींत व सांध्यांत इतकी राख सोडी कीं नाजूक यंत्र दहा-वीस बारांतच अडकून बसे. फ्रान्समध्यें व्हियेय या रसायनज्ञानें १८८४ सालीं बिनधुराची दारू सिद्ध केली. ती स्वच्छ जळे आणि तिचें बळही मोठें. त्याच सुमारास मॅक्सिम यानें बंदुकीच्या धक्क्यानेंच बंदूक पुन्हा भरण्याची युक्ति आपल्या यांत्रिक तोफेंत प्रत्यक्षांत आणून दाखविली. हे दोन धागे जुळल्यावर तीच युक्ति हातांत मावेल एवढी लहान करणें हा केवळ वेळेचा प्रश्न राहिला. १८९३ सालीं बोर्शार्ट याचें पिस्तूल बाजारांत आलें. तें अवजड होतें, पण चाले. १८९६ पासून जर्मनींतील ओबर्नडॉर्फ येथें माउझर कारखान्याचें पिस्तूल निघूं लागलें. १९०० सालीं स्विस सैन्यानें लुगर याचें पिस्तूल स्वीकारलें, आणि त्याच वर्षीं बेल्जमच्या सैन्यानें आपल्या अधिकाऱ्यांसाठीं ब्राउनिंगचें घेतलें.

जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकेंतील यूटा प्रांतांतला, ऑग्डन गांवचा. जन्म १८५५. बाप बंदुकांचा कारागीर, आणि मुलगा दुकानांतच वाढलेला. पुस्तकी शिक्षण बेताचें. परंतु बंदुकीच्या यंत्राविषयीं याच्याइतकी सुपीक बुद्धि दुसऱ्या कोणाची झाली नसेल. त्यानें केलेल्या पिस्तुलाचा नमुना बेल्जममध्यें लिएज शहराजवळ हेर्स्ताल येथील कारखान्यानें पसंत केला. हा कारखाना १८८९ सालीं बेल्जमच्या सैन्यासाठीं माउझर बंदुका करण्यास स्थापन झाला होता. तें काम संपत आल्यावर नव्या मालाच्या शोधांत होता. करार १८९७ च्या जुलईंत झाला. त्याच वर्षीं ता. २२ जूनच्या रात्रीं पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंच्या हातून रँडवर गोळी झाडली गेली होती. दोन्ही गोष्टींचा परस्परांशीं कांहींएक संबंध नाहीं. तथापि बारा वर्षांनीं नाशकास जें घडलें त्याचें साधन त्याच उन्हाळ्यांत समुद्रापलीकडे ठरत होतें, हा योगायोग टिपून ठेवण्यासारखा वाटतो.

आतां यंत्र पाहूं. वर्णन १९०० च्या नमुन्याचें करतों. कारण सैन्यानें घेतलेलें तें हेंच, आणि मूळ कल्पनाही यांतच उघड दिसते.

नीरेंत होडींतून कांठावर उडी मारणारा माणूस सर्वांनीं पाहिला असेल. माणूस पुढें जातो, होडी मागें सरते. होडी जड असेल तर ती सावकाश सरते, हलकी असेल तर झटक्यानें. काडतूस पेटलें कीं गोळी पुढें व काडतुसाचें रिकामें टरफल मागें, असाच प्रकार होतो. साध्या बंदुकींत टरफलाच्या मागें घट्ट अडणा असतो, म्हणून सगळा धक्का खांद्यास बसतो. ब्राउनिंगनें अडणा बंद केलाच नाहीं. टरफलाच्या मागें त्यानें पोलादाचा एक जड, सरकता भाग ठेवला व त्यास एका मजबूत कमानीनें पुढें दाबून धरलें. गोळी हलकी, ती तत्क्षणीं नळीबाहेर पडते. सरकता भाग जड, तो जागचा हलून मागें जाऊं लागेपर्यंत गोळी निघून गेलेली असते व नळींतील वायूचा जोर उतरलेला असतो. मागें जातांना तो भाग टरफलास ओढून बाहेर फेंकतो. कमान त्याला पुन्हा पुढें लोटते. पुढें येतांना मुठींतील मॅगझीनमधून वर आलेलें नवें काडतूस तो नळींत सारतो. हें सर्व डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत. मग बोट सैल करून चाप पुन्हा ओढला कीं दुसरी गोळी. बोट सैल केल्याविना दुसरी गोळी सुटूं नये म्हणून चाप व आघात करणारी खिळी यांमधला दुवा मध्यें तोडून ठेवणारी एक लहानशी पट्टी असते. अर्धस्वयंचलित या शब्दांतील 'अर्ध' तें हेंच.

या नमुन्यांतील खरी गंमत कमानीची आहे. ती नळीच्या खालीं नसून वर, वेगळ्या पोकळींत आहे. म्हणून या पिस्तुलाचें तोंड समोरून पाहिलें तर एकावर एक दोन नळ्या असल्यासारखें दिसतें. अजाण माणूस त्यास दुनळी समजतो. नळी खालीं गेल्यामुळें ती हाताच्या मुठीस जवळ येते व गोळी सुटतांना हात वर उसळत नाहीं. शिवाय एकच कमान दोन कामें करते : सरकत्या भागास पुढें आणते, आणि एका तरफेच्या योगानें खिळीलाही बळ देते. खिळी मागें चढलेली नसेल तेव्हां त्या तरफेचें टोंक नेमाच्या खांचेआड उभें राहतें. नेम धरूं जावें तर दिसत नाहीं, आणि हत्यार सज्ज नाहीं हें झाडणाऱ्यास आपोआप कळतें. एका वस्तूकडून इतकीं कामें साधणें, तेंही ओढाताण न करतां, हें मला पाणिनीच्या एखाद्या सूत्राप्रमाणें वाटतें. सुभेदारांस ही उपमा समजली नाहीं व पटलीही नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, ज्या हत्याराचा सरकता भाग उतरण्यास पेंचकस शोधावा लागतो त्याची इतकी स्तुति करूं नये.

मापें सांगावयाचीं तर नळी सुमारे चार इंच, एकंदर लांबी साडेसहा इंचांच्या आंत, वजन सुमारे ६२५ ग्रॅम. मॅगझीनमध्यें सात काडतुसें. गोळीचा व्यास ७.६५ मिलिमीटर, वेग सेकंदास सुमारे ९०० फूट. डाव्या अंगास एक खटका असून त्याच्या दोन स्थानांपाशीं फ्रेंच भाषेंत 'अग्नि' व 'निर्धास्त' अशा अर्थाचे शब्द कोरलेले असतात. हें काडतूस मुद्दाम बेताच्या बळाचें केलेलें आहे. कारण न बांधलेला, केवळ वजनानें अडून राहणारा भाग फार मोठा जोर सोसूं शकत नाहीं. याच कारखान्यानें १९०३ सालीं मोठ्या, ९ मिलिमीटर काडतुसाचें पिस्तूल काढलें; तें स्वीडनच्या सैन्यानें १९०७ सालीं घेतलें. १९०६ सालीं खिशांत मावणारें ६.३५ मिलिमीटरचें काढलें. १९०९ पर्यंत हेर्स्तालहून निघालेलीं ब्राउनिंगें तीं हीं. तिन्हींत चक्र नाहीं. तिन्हींत घोडा बाहेर दिसत नाहीं. तेव्हां 'रिव्हॉल्व्हरचा घोडा' हे माझे शब्द कोणताही नमुना धरला तरी चूकच ठरतात.

याच्या शेजारीं माउझर ठेवून पाहिलें म्हणजे भेद ध्यानांत येईल. माउझरचें काडतूस फार जोरदार, गोळीचा वेग सेकंदास सुमारे १,४०० फूट. तेथें केवळ वजनावर भागत नाहीं. म्हणून नळी व तिच्या मागचा अडणा हीं एका ठोकळ्यानें परस्परांस जखडलेलीं असतात; दोन्ही मिळून थोडें मागें सरतात, मग ठोकळा खालीं पडतो, अडणा मोकळा होऊन एकटाच पुढचा मार्ग चालतो. दहा काडतुसांची कोठी मुठींत नसून चापाच्या पुढें, आणि ती वरून पट्टीनें भरावयाची. लांकडी पेटीच म्यान, व तीच मुठीस जोडली कीं खांद्यास लावण्याचा दस्ता. कलकत्त्यास ता. २६ ऑगस्ट १९१४ रोजीं रॉडा कंपनीच्या मालांतून क्रांतिकारकांनीं पळविलीं तीं हींच : ५० पिस्तुलें आणि ४६,००० काडतुसें. १९१८ च्या सिडिशन कमिटीच्या अहवालांत या दस्त्याच्या करामतीचें वर्णन आवर्जून दिलें आहे, व या पिस्तुलांचा उपयोग पुढें ५४ प्रकरणांत झाल्याचें नमूद केलें आहे. माउझर हें उघड्यावर लढण्याचें हत्यार. ब्राउनिंग हें लपविण्याचें. बंगालच्या व महाराष्ट्राच्या चळवळींतील कांहीं भेद या दोन यंत्रांच्या आकारांतूनही दिसतो, असें मला वाटूं लागलें आहे. पण तो विषय स्वतंत्र आहे.

आतां पेटी. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यामुळें परवान्यावांचून हत्यार बाळगणें वा आणणें हिंदी माणसास अशक्य झालें होतें. लंडनच्या इंडिया हाउसमधून विनायक दामोदर सावरकर यांनीं वीस ब्राउनिंग पिस्तुलें व काडतुसें १९०९ च्या आरंभीं पाठविलीं. तीं चतुर्भुज अमीन या तेथेंच राहणाऱ्या इसमाच्या सामानांतील एका पेटीच्या खोट्या तळाखालीं दडविलेलीं होतीं. पेटी मार्चमध्यें मुंबईस पोंचली. सावरकरांचे वडील बंधु गणेशपंत यांस तत्पूर्वींच अटक झाली होती, व जून महिन्यांत त्यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांचा खटला सेशन कोर्टाकडे पाठविणारे मॅजिस्ट्रेट जॅक्सन होते. एवढी माहिती उपर्युक्त अहवालांत व खटल्याच्या हकीकतींत आहे.

सुभेदारांनीं मजकडून ज्याचा हिशेब करून घेतला, तो आतां वाचकांनींही करावा. १९०० च्या नमुन्याचें वजन धरलें तर वीस पिस्तुलें म्हणजे साडेबारा किलो, जुन्या मापानें साडेतेरा शेरांच्या आसपास, काडतुसें वेगळीं. कपडे-पुस्तकांनीं भरलेल्या आगबोटीच्या प्रवासी पेटींत एवढा भार संशय न येतां खपून जातो. शिवाय हें हत्यार अंगानें सपाट. आडवें ठेवलें तर एक इंचाहून थोडी अधिक जागा पुरे. त्या काळचें इंग्रजी सैन्यांतील वेब्ली रिव्हॉल्व्हर घेतलें तर एकट्या चक्राचीच रुंदी पावणेदोन इंच, आणि वजन किलोच्या वर. वीसांचें वजन वीस किलोंपलीकडे जाणार, आणि खोटा तळ इतका उंच करावा लागणार कीं आंतून व बाहेरून मोजतांच कोणाही कस्टमवाल्याच्या ध्यानांत यावें. म्हणजे हत्याराची निवड व वाहतुकीची रीत या एकाच विचाराच्या दोन बाजू होत्या. 'रिव्हॉल्व्हर' असें लिहून मीं केवळ एक शब्द चुकविला नाहीं. कागदांत स्पष्ट असलेली एक योजना वाचकाच्या दृष्टीआड केली.

या योजनेचें वजन न्यायालयांतही किती पडलें तें पहा. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांस ता. १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. सावरकरांवर जो दुसरा खटला झाला व ज्यांत ता. ३० जानेवारी १९११ रोजीं दुसऱ्या जन्मठेपेची शिक्षा सांगितली गेली, त्यांतील आरोप जॅक्सनच्या खुनास साहाय्य केल्याचा होता. आणि तें साहाय्य म्हणजे पिस्तुलें पाठविणें. खून नाशकास झाला, आरोपी त्या वेळीं सातासमुद्रांपलीकडे. मध्यें दुवा काय, तर पेटींतून आलेलें पोलाद. ज्या वस्तूवर पन्नास वर्षांच्या दुहेरी काळ्या पाण्याचा अर्धा भाग तोलला गेला, त्या वस्तूचें नांव तरी इतिहासलेखकानें बरोबर लिहावयास नको काय?

त्या वर्षीं हें पिस्तूल जगभर फिरत होतें. फिनलंडांत हेलसिंकी येथें १६ जून १९०४ रोजीं शौमान यानें रशियन गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्ह यास मारलें तें १९०० च्या नमुन्याच्या ब्राउनिंगनें. कोरियाचा आन जुंग-गून यानें जपानचे इतो हिरोबुमी यांस हार्बिन स्टेशनावर २६ ऑक्टोबर १९०९ रोजीं मारलें तेंही त्याच नमुन्यानें. आणि नाशिकची घटना त्यानंतर दोन महिने पुरे होण्याच्या आंतली. बेल्जमच्या अधिकाऱ्यांच्या कमरेस शोभण्यासाठीं केलेलें हत्यार परसत्तेखालील तरुणांच्या खिशांत जाऊन बसलें. हेर्स्तालच्या कारखान्यानें हा नमुना सुमारे सात लाखांच्या संख्येनें विकला. त्यांतील बहुतेक कोणाच्या तरी टेबलाच्या खणांत गंजून गेले असतील.

जॅक्सन यांच्याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून मला पुढें जाववत नाहीं. ज्या वाचकांसाठीं हें त्रैमासिक निघतें, त्यांस हें नांव दुसऱ्या वाटेनें ओळखीचें आहे. मुंबई गॅझेटियरच्या पहिल्या खंडांत १८९६ सालीं छापलेला गुजराथचा प्राचीन इतिहास पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या सामग्रीवरून सिद्ध झाला. तो पुरा करण्यांत जॅक्सन यांचा हात होता, आणि भिनमाळवरील परिशिष्ट त्यांचेंच. गुजराथ व कोंकण येथील लोकरूढींचीं त्यांनीं जमविलेलीं टिपणें त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन यांनीं १९१४-१५ मध्यें दोन भागांत प्रसिद्ध केलीं. कोंकणांतील गांवदेव, आगऱ्यांच्या व कुणब्यांच्या समजुती यांविषयीं कांहीं शोधावयाचें झालें तर आजही त्या पुस्तकास हात घालावा लागतो. लोक त्यांस 'पंडित जॅक्सन' म्हणत. पूर्वजन्मीं आपण वेदपाठी ब्राह्मण होतों असें ते सांगत, अशी आख्यायिका आहे. माझ्या घरीं तो कोंकणचा भाग आहे. त्याच्याच शेजारीं कपाटांत सावरकर-प्रकरणाचे ग्रंथ आहेत. मी संस्कृताचा शिक्षक. दोन्हीकडे माझें देणें आहे, आणि दोन्ही पुस्तकें एकाच दिवशीं उघडण्याचा प्रसंग येतो तेव्हां मला सुखाचें वाटत नाहीं. शास्त्राविषयींचा त्यांचा आदर खोटा नव्हता व ज्या शिक्षेस ते कारण झाले तीही खोटी नव्हती. टिपण लिहितांना या अडचणींतून लवकर सुटावें म्हणूनच मीं तो प्रसंग एका ओळींत उरकला, आणि घाईंत लिहिलेली ती ओळच नेमकी चुकली.

आतां संग्राहकांच्या उपयोगाची गोष्ट. हस्तलिखिताच्या अखेरीस जशी पुष्पिका असते, तशी या हत्यारांसही असते. पोथीची पुष्पिका लेखक, शक, गांव सांगते. पिस्तुलावर कारखान्याचें नांव, पेटंटाचा उल्लेख, लिएजच्या परीक्षागृहाचे लहान-लहान ठसे व अनुक्रमांक असतो. मुठीच्या पट्ट्यांवर कारखान्याच्या आद्याक्षरांची मुद्रा, आणि आरंभींच्या १९०० च्या नमुन्यांत तर त्याच पिस्तुलाचें छोटें चित्र उठविलेलें आढळतें. यांत सर्वांत मोलाचा तो अनुक्रमांक. रॉडा कंपनीच्या प्रत्येक माउझरचा क्रमांक दप्तरीं होता, म्हणूनच एकेक पिस्तूल हातीं लागतांच त्याचें मूळ सांगतां आलें. अलीकडचें उदाहरण याहून बोलकें आहे. लाहोरास ता. १७ डिसेंबर १९२८ रोजीं साँडर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांत भगतसिंगांबरोबर आपल्या पुणें जिल्ह्यांतील खेडचे शिवराम हरि राजगुरु होते. भगतसिंगांचें पिस्तूल कोल्ट कारखान्याचें, पण आंतील युक्ति ब्राउनिंगचीच. खटल्याच्या कागदांत त्याचा क्रमांक १६८८९६ असा नोंदलेला होता. तें पिस्तूल इंदूर येथें सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयांत इतर जुन्या हत्यारांत पडून होतें, आणि २०१६ च्या सुमारास कोणीतरी कागदांतील आंकडा व पोलादावरील आंकडा एकमेकांशीं ताडून पाहिला तेव्हां ओळख पटली. पोथीच्या दोन प्रती ताडून पाहणें आणि हें, यांत पद्धतीचा भेद मुळींच नाहीं.

म्हणून माझी संग्राहक मित्रांस विनंती आहे. जुन्या वाड्याच्या तळघरांत, फडताळांत वा माळ्यावर असें एखादें पिस्तूल निघालें तर प्रथम त्यास सज्ज समजूनच वागावें. मॅगझीन काढलें तरी नळींत एक काडतूस राहूं शकतें. चक्राच्या हत्याराप्रमाणें तें बाहेरून दिसत नाहीं, आणि या जातीच्या हत्यारांनीं घरच्याच माणसांचे प्राण घेतल्याचे प्रसंग याच गैरसमजुतीनें घडतात. आपण होऊन उघडण्याच्या खटपटींत न पडतां पोलीस ठाण्यास कळवावें. १९५९ च्या शस्त्रांच्या कायद्याप्रमाणें परवान्यावांचून तें घरांत ठेवणें हा अपराध आहे, वारशानें आलें असलें तरी. मात्र तें देतांना पंचनाम्यांत अनुक्रमांक व सर्व ठसे जसेच्या तसे उतरून घेण्याचा आग्रह धरावा. 'एक जुनें गंजलेलें रिव्हॉल्व्हर' एवढ्या नोंदीवर तें जमा होऊन एखाद्या दिवशीं वितळविलें गेलें, म्हणजे पुष्पिका फाडून पोथी रद्दींत घातल्यासारखें झालें. आणि दप्तरांत हत्याराचा उल्लेख आला तर मूळ शब्द बदलूं नये. तमंचा असेल तेथें तमंचा, सहाबारी असेल तेथें सहाबारी. अर्थ टीपेंत द्यावा.

माझ्या टिपणाची प्रत ज्यांच्यापाशीं असेल त्यांनीं तींतील 'रिव्हॉल्व्हर' हा शब्द दोन्ही ठिकाणीं खोडून 'ब्राउनिंग पिस्तूल' असा करावा, व 'घोडा ओढला' येथें 'चाप ओढला' असें वाचावें. सुभेदारांनीं आपल्या प्रतींत ही दुरुस्ती तांबड्या पेन्सिलीनें पूर्वींच केली आहे.